हलकी

तिसऱ्या वेळीही प्रीतमने सृष्टीला जेमतेम छातीपर्यंत उचललं. त्याच्या मनगटांना थरथर सुटली, पायाखालची चाकं सरकली आणि दोघं सिमेंटवर आदळली. दयानंद सर धावत प्रीतमजवळ गेले.

"लागलं का रे?"

"न्हाई सर."

"तुझी चूक नाही. ऊठ."

सृष्टीचं कोपर सोलवटलं होतं. ती आपण होऊन उठली आणि पुन्हा सुरुवातीच्या जागी जाऊन उभी राहिली. हात पसरलेले, मान वर. बर्फावरचं स्केटिंग तिने फक्त मोबाईलमध्ये पाहिलेलं. लातुरात होतं ते हे, चार चाकांचं, गाण्यावर जोडीने करायचं. गेल्या वर्षी, बाराव्या वर्षी, ती आणि प्रीतम त्यात जिल्ह्यात पहिले आले होते.

सरांनी गाणं बंद केलं आणि पायरीवर बसलेल्या सृष्टीच्या आईला, सिंधुला, हाक मारली. सिंधु रोज पहाटेच्या एसटीने मुरुडहून दोन्ही मुलींना घेऊन यायची. ती पदर सावरत आली.

"सिंधुताई, पोरगी फार वाढली."

"वयच हाय सर वाढायचं." ती ओशाळून हसली.

"प्रीतमच्या डोक्यावर चाललीय. त्याला झेपत नाही. राज्याला नावं आजच पाठवायचीत. मी त्याची जोडी बदलतोय. निलंग्याची एक मुलगी आहे, लहान चणीची."

"सर, तीन वर्षांत एक दिवस खाडा न्हाई केला हो हिनं."

"खाड्याचं कुठं बोलतोय मी?"

सृष्टी हळूच सरकत त्यांच्यापाशी आली होती. "सर, मी एकटी खेळते की. एकटीचा पण गट असतोय."

सर चिडले नाहीत. समजावल्यासारखे म्हणाले, "एकटीला उड्या लागतात बाळ. तुझी एक तरी उडी पुरी होते का? जोडीत तो तुला वर धरतो, म्हणून लोक तुझ्याकडं बघतात."

सिंधुने मान वळवली. कोपऱ्यात बारक्या पोरांच्या घोळक्यात तिची धाकटी, रेणुका, गिरक्या घेत होती. सिंधु तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "निलंग्याची कशाला सर? आमची रेणुका हाय की. नववंच चालू हाय तिला. हिचं बघून बघून सगळं पाठ झालंय."

"मम्मी," सृष्टी म्हणाली.

"तू गप बस जरा."

सरांनी रेणुकाला बोलावलं. काखेत हात घालून तिला अधांतरी उचललं, तोलून बघितलं आणि खाली ठेवलं.

"बघू," ते म्हणाले. "पण हे तिचे प्लास्टिकचे स्केट चालायचे नाहीत. सृष्टीचे बूट द्या तिला."

सिंधु खाली बसली आणि सृष्टीच्या पांढऱ्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. उजव्या बुटाची गाठ सुटेना. शेवटी सृष्टीनेच वाकून ती सोडवली. बूट काढून ती उभी राहिली तर एकदम चार बोटं बुटकी झाली.

"बघा सर, आता कुठं उंच दिसायली?" सिंधुच्या तोंडून निघून गेलं. पण सर रेणुकाच्या पायात दोन-दोन मोजे चढवत होते.

"सृष्टी, तिला हात धरून एकदा सगळं फिरवून आण. कुठं वळायचं, कुठं हात सोडायचा. तुझ्याइतकं कुणाला येत नाही."

सिमेंट तापायला लागलं होतं. सृष्टी अनवाणी पळाली, रेणुकाचा हात धरून. "इथं वळ. इथं एक, दोन. आता मान वर. खाली बघू नको." रेणुका म्हणाली, "आक्का, माहीत हाय मला." आणि तिने हात सोडवून घेतला.

गाणं लागलं. प्रीतमने रेणुकाला कमरेला धरलं आणि एका झटक्यात डोक्यावर नेलं. ती वरून खिदळली. तो तिला तशीच वर धरून पूर्ण चक्कर फिरला. पायऱ्यांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"लई हलकी हाय सर," प्रीतम ओरडला.

सिंधुने सृष्टीच्या हातात मोबाईल दिला. "व्हिडिओ काढ गं. माझा हात हलायलाय."

सृष्टीने काढला. तिचा हात हलला नाही.

सरांनी वहीतलं नाव खोडून त्याच ओळीत वर दुसरं लिहिलं. आडनाव तसंच राहिलं.

नऊ वाजता सराव सुटला. तिघी पायरीवर सावली धरून बसल्या. सिंधुने डबा उघडला. अंगावर मांस चढू नये म्हणून सहा महिने सृष्टीच्या वाट्याला अर्धी भाकर यायची. आज सिंधुने तिच्यापुढे सबंध भाकर ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी, त्यावर तेल.

"खा आता पोटभर. तुला कशाचंच पथ्य न्हाई आता."

सृष्टीने एक घास खाल्ला. रेणुकाने नेहमीप्रमाणे आपली भाकर उचलली. सृष्टीने ती तिच्या हातातून काढून घेतली, मोडली, एक तुकडा परत दिला आणि दुसरा डब्यात टाकून झाकण लावलं.

रेणुकाने आईकडे पाहिलं. सिंधु मोबाईल डोळ्यांजवळ धरून व्हिडिओ बघत होती.

"अर्धीच," सृष्टी म्हणाली. "बारीक बारीक घास घे. लई वेळ पुरतीय."