खेळाच्या तासाची चिठ्ठी

“डॉक्टर, मी कबड्डी खेळले तर मरेन का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारलंच. सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेल्या आठशे ग्रॅमच्या मला यांनीच वाचवलं, म्हणून दर वाढदिवसाला आम्ही त्यांना पेढे देतो.

डॉक्टर हसून आई-बाबांकडे वळले. “काहीतरीच! ही सहा वर्षांची असतानाच सांगितलं होतं, सगळं खेळू द्या.”

आई पेढ्यांच्या बॉक्सची दोरी गुंडाळत बसली. माझं डोकंच सणकलं. म्हणजे बाबांची ‘फुप्फुसं नाजूक आहेत’ ही दरवर्षीची चिठ्ठी खोटी! नऊ वर्षं खेळाच्या तासाला मी नुसते पोरींचे बूट राखले!

“भीती वाटायची गं, बाळा,” बाबा पुटपुटले.

“बाळ आठशे ग्रॅमचं होतं. मी अठ्ठेचाळीस किलोची आहे. यंदाची चिठ्ठी मी लिहिणार, सही तुम्ही दोघं करणार: हिला संघात घ्या.”