आतून बसवलेला हिरा

मेट्रनबाई, तुम्ही नर्सांसाठी नियम काढलात आणि आमच्या संसाराकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. तान्ह्यांना ओरखडा नको म्हणून खड्याची अंगठी बंद, साधं वळं चालेल, कबूल. पण तुमच्या वॉर्डात नर्स असलेल्या माझ्या बायकोची दिवसपाळी, माझी रात्रपाळी, आमची भेट जिन्यात. दिवसभर तिच्या सोबतीला मी दिलेली हिऱ्याची अंगठीच असायची. म्हणून हिरा वळ्याच्या आतून बसवणारा सोनार शोधत फिरलो. झगमगत्या दुकानातला हसला, "मग मिरवणार कसा?" गल्लीतल्यानं चष्मा पुसत विचारलं, "वहिनींना टोचला तर?" तिथंच सोनार ठरला. त्यानं तिला बोलावलं, वळं घालून मूठ मिटायला लावली. ती म्हणाली, "यांच्यासारखाच आहे. टोचत नाही, आहे एवढं कळतं." काल तुम्ही वळ्याबद्दल विचारलंत, आत हिरा आहे हे तिनं खरं सांगितलं, तुम्ही वळंही उतरवायला लावलंत. बाळाला लागत नाही, तुम्हाला दिसत नाही, मग हिरा सलतो कुठं? सांगा.