पंखावरची खरखर

उड्डाणाआधी मेकॅनिकने विमानाच्या पंखावरून उघडा हात फिरवला. गोठलेल्या दवाची खरखर तळव्याला लागत होती.

"उड्डाणाच्या परवान्यावर सही कर, आधीच उशीर झालाय," सुपरवायझर म्हणाला.

"पंख धुतल्याशिवाय नाही, साहेब. एवढ्याशा खरखरीवरही वारा अडखळतो. वर उचलणारा जोर घटतो, मागे ओढणारा वाढतो. विमान उठलं तरी कोसळू शकतं."

"पॉलिशपेपराएवढी तर आहे."

"तेवढी पुरते."

विमानाच्या खिडकीतून, प्रवाशांमध्ये बसलेली मेकॅनिकची लेक त्याला हात हलवत होती. सुपरवायझरने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि बर्फ धुणारी गाडी मागवली.

"काल याहून जास्त खरखर होती," जाता जाता तो म्हणाला. "काल बरी सही केलीस."