बारा घरांची उजळणी

“घोडीचं नाव डचेस,” गोळे सरांनी वहीत न बघता सांगितलं. “आज तुम्ही कॅप्टन म्हणालात. चूक.”

आर्थरने कपाळाला हात लावला. “डचेस. बरोबर. कोळसेवाल्याची डचेस.”

“आणि तिची लीद कोण गोळा करायचं?”

“मी आणि टॉमी. बाबांच्या कोबीसाठी.”

“टॉमी नाही, रॉय. टॉमी सात नंबरमधला. तो तेव्हा गोवराने पडून होता.” सरांनी लाल पेनने फुली मारली. बोलणं इंग्रजीत चाललं असलं, तरी फुली थेट वाईच्या शाळेतली होती.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहराच्या एका हॉस्पिटलात आर्थरच्या स्मरणशक्तीची तपासणी व्हायची होती. पास झाला तर स्वतःच्या घरात राहणार, नापास झाला तर रवानगी वृद्धाश्रमात. त्याची डच बायको गेल्यापासून तो भिंतीपलीकडच्या घरात एकटाच असायचा. हे सगळं सरांना पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या सुनेने, सुमेधाने, सांगितलं होतं.

“बाबा, डॉक्टर त्यांना लहानपणचं विचारणार आहेत, आणि ते सगळं विसरत चाललेत. तयारी करून घ्याल का? तुमच्याशिवाय कुणाला जमणार हे?”

चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला सर शंभर पानी वही घेऊन शेजारी हजर झाले.

शिवाय घर सुटण्याचं दुःख सरांना कुणी समजावून सांगायला नको होतं. वाईत तेही एकटेच राहायचे. एकदा गॅसवरचं दूध करपलं, एकदा बाजारातून येताना गल्ली चुकली. शेजाऱ्यांनी फोन केला आणि सारंग, त्यांचा मुलगा, पंधरा दिवसांत त्यांना इकडे घेऊन आला. इथे आल्यावर त्याने डॉक्टरचं नाव काढलं, तेव्हा सर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. दूध कुणाचं करपत नाही?

आपलं घर गेलं ते गेलं. आर्थरचं जाऊ द्यायचं नाही, असं सरांनी मनाशी घट्ट ठरवलं.

आर्थरचं लहानपण इंग्लंडमधल्या हल शहरातलं, गोदीकामगारांच्या गल्लीतलं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. समोरासमोर सहा-सहा घरं, त्यातलं अकरा नंबरचं बॉम्बने जमीनदोस्त झालेलं. त्या विटांच्या ढिगाऱ्यावर पोरांचं क्रिकेट चालायचं. शुक्रवारी शेगडीपुढे पत्र्याचा टब मांडून अंघोळी. त्याच पाण्यात आधी बाप, मग आई, मग पोरं, आणि शेंडेफळ म्हणून आर्थर सर्वांत शेवटी. गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठलं त्या दिवशी अख्खी गल्ली दुकानापुढे रांगेत उभी राहिली आणि आर्थरने इतक्या टॉफ्या खाल्ल्या की दोन दिवस पेजेवर काढले.

विद्यार्थी मात्र भलताच धांदरट होता. काल सांगितलेलं आज फिरवायचा. तीन नंबरच्या मावशीला नऊ नंबरमध्ये नेऊन बसवायचा. सर खेकसायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा म्हणून घ्यायचे. पाढे पाठ करून घ्यावेत तशी बारा घरांची उजळणी रोज व्हायची. जेवताना सुमेधा विचारायची, “मग, आज गल्लीत काय झालं?” सर सविस्तर सांगायचे. ती इतकं मन लावून ऐकायची की चार दिवसांनी तेच पुन्हा विचारायची. सर हसून पुन्हा सांगायचे. पोरीचं लक्षच नसतं, असं त्यांना वाटायचं.

तपासणीच्या दिवशी सुमेधाने दोघांना गाडीतून नेलं. आर्थरने सरांना शेजारीच बसवून घेतलं. डॉक्टरीणबाई उंच, शांत होत्या.

“तुमच्या गल्लीबद्दल सांगा,” त्या आर्थरला इंग्रजीत म्हणाल्या.

आर्थरने पहिली चार घरं धडाधड सांगितली. पाचव्याला अडला. खिडकीबाहेर पाहू लागला. सर खुर्चीच्या कडेला सरकले.

“तुम्हाला आठवतंय का?” बाईंनी सरांना विचारलं.

चौतीस वर्षांत सरांनी परीक्षेत कुणाला कॉपी करू दिली नव्हती. पण इथे माणसाचं घर पणाला लागलं होतं. नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी घसा साफ केला.

पाच नंबर, विधवा मिसेस पिकरिंग, उंबरा दिवसातून दोनदा घासायच्या. सहा नंबर, दोन भाऊ, एकच सायकल. सर थांबेनात. सात, आठ, नऊ. कोळशाचा वार, डचेसच्या कपाळावरचा पांढरा ठिपका, गोवर, टॉफ्या. वही घरी राहिली होती आणि तिची आठवणही त्यांना झाली नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज कितीतरी दिवसांनी परत आला होता. बारावं घर संपलं तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं.

“हे सगळं या पाच महिन्यांतलंच?”

“हो. रोज तास घेतो मी,” सर ऐटीत म्हणाले.

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग मान वर करून हसल्या. “स्मरणशक्ती उत्तम आहे. स्वतःच्या घरी एकटं राहायला काहीच हरकत नाही.”

सरांनी आर्थरच्या पाठीवर असा धपका घातला की त्याचा चष्मा नाकावर घसरला. “पास! गड्या, पास झालास!” आर्थर डोळे पुसत हसत होता. सुमेधाने तर तोंडाला ओढणीच लावली होती. इतका आनंद सरांना स्वतःच्या बी. एड.च्या निकालालाही झाला नव्हता.

बाईंनी निकालाचा कागद सुमेधापुढे केला. सरांनी तो मध्येच हातात घेतला. मास्तरच ते, वाचल्याशिवाय कागद पुढे जाऊ देणार कसे? सगळा मजकूर डच भाषेत होता. एक अक्षर कळेना. पण वरच्या ओळीतलं पेशंटचं नाव त्यांना वाचता आलं. गोळे, श्रीधर महादेव. जन्म वाई, १९४३.