पिवडीचा थर

“लाल डागावर पांढरं फासलं की तो गुलाबी होतो, वहिनी,” असं म्हणत हरिहरने गोदावरीबाईंच्या हातातली स्नोची बाटली काढून बाजूला ठेवली. “लाल रंगाला पिवडीच मारते.”

अकोल्यात नाटक म्हटलं की चेहरे रंगवायला हरिहर. दिवसा कोर्टात कागदांच्या नकला उतरवणारा नकलनवीस आणि संध्याकाळी नाटक मंडळात रंगपेटी, असा त्याचा संसार. सफेदा, पिवडीची पिवळी माती आणि चिमूटभर हिरवा रंग खोबरेल तेलात घोटून तो असा लेप करी की देवीचे वण बुजत आणि साठीचा नट तिशीचा दिसे. स्वतःही तो कधी कोऱ्या तोंडाने घराबाहेर पडला नाही. “काय हरिहरराव, आज कोणता प्रवेश?” असं कोर्टातले लोक विचारत. हजामतसुद्धा तो घरीच करी. न्हावी गालाची वाट लावतात, असं त्याचं म्हणणं. बायको नाही, पोर नाही, नटू दे बिचाऱ्याला, असं म्हणून लोक सोडून देत.

आज तो बापूसाहेब वकिलांच्या माजघरात बसला होता. बापूसाहेब नाटक मंडळाचे अध्यक्ष, त्यांना नाही कसं म्हणणार? समोर पाटावर त्यांची आणि गोदावरीबाईंची मुलगी तारा. अमरावतीचे एक तरुण डॉक्टर तासाभरात तिला पाहायला येणार होते. हे तिसरं स्थळ. आधीची दोन तिच्या उजव्या गालावरच्या लाल चट्ट्यावरून फिरली होती. अंगातली उष्णता असेल म्हणून घरच्यांनी चंदन, गुलकंद, सगळं करून पाहिलं. चट्टा हलला नाही.

हरिहरने ओल्या फडक्याने तिचा चेहरा पुसायला घेतला. जानेवारीतलं विहिरीचं पाणी.

“बाई गं, केवढं गार!” तारा डावा गाल आक्रसून ओरडली. उजवा गाल पुसताना मात्र ती काही बोलली नाही.

हरिहरचा हात थांबला.

“डोळे मीट,” तो म्हणाला. “गालाला काही लागलं की सांग.”

डाव्या गालावर त्याने कापसाचा नुसता धागा टेकवला. “लागलं,” तारा लगेच म्हणाली. मग त्याने धागा उजवीकडच्या चट्ट्यावर टेकवला. मग बोट. मग कुंचल्याचं मागचं टोक, चांगलं दाबून. तारा डोळे मिटून शहाण्यासारखी बसून होती.

“लावा न काका,” ती म्हणाली. “मी केव्हाची वाट पाहून राहिली.”

ही उष्णता नव्हती. गार, ऊन, टोचणं, काहीच न कळणारा डाग म्हणजे महारोगाची सुरुवात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता सरकारी दवाखान्यात त्यावर गोळ्या मिळतात, वेळेत घेतल्या तर माणूस बरा होतो, हेही ठाऊक होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्यामागून प्रश्न येणार होता, तुम्हाला कसं कळलं?

“वहिनी, हा डाग जरा...”

“काहून, झाकत नाही का?” गोदावरीबाईंचा चेहरा एवढासा झाला. “असं नका करू भाऊजी. हे स्थळ गेलं तं माझ्या पोरीचं काही खरं नाही.”

“झाकतो,” हरिहर म्हणाला.

आणि आयुष्यात केलं नव्हतं इतकं सुरेख काम त्याने त्या दिवशी केलं. पिवडीचा लेप फासला नाही, बोटाच्या टोकाने टिपत टिपत बसवला. कडा कानापर्यंत आणि मानेपर्यंत नेऊन कातडीत विरघळवल्या. वरून पावडरचा हलका हात. चट्टा होता कुठे, हे तारालाही आरशात सापडेना. ती एवढी खूष झाली की हरिहरला तिच्याकडे पाहवेना.

डॉक्टर आले. माणूस मोकळा, हसरा. बापूसाहेबांनी हरिहरलाही आग्रहाने बैठकीत बसवून घेतलं. पोहे झाले, ताराशी दोन शब्द झाले. मग बापूसाहेबांनी कामाची चौकशी केली.

“खेड्यापाड्यांत फिरतो. महारोगाची तपासणी,” डॉक्टर म्हणाले. “सुरुवातीला आला तर माणसाचं बोटसुद्धा वाकडं होत नाही. पण लोक डाग दाखवतच नाहीत हो. मी म्हणतो, एकदा मला दिसू द्या, पुढचं मी पाहतो.”

बोलता बोलता त्यांची नजर तारावरून हरिहरवर आली आणि तिथे थांबून हसली. हरिहरने मान डोलावली.

मुलगी पसंत पडली. गोदावरीबाईंनी पहिला पेढा हरिहरच्या हातावर ठेवला.

दुपारी तो घरी आला आणि त्याने कडी लावून घेतली. पेढा कोनाड्यात तसाच राहिला. बोलायला हवं होतं, त्याच माणसासमोर बोलायला हवं होतं, हे त्याच्या डोक्यातून जाईना. लग्नानंतर डॉक्टरला डाग दिसेलच. पण तेव्हा तो डॉक्टर असेल की फसवला गेलेला नवरा, कोण सांगणार? आणि तोवर त्या पोरीचे किती दिवस हकनाक जातील?

त्याने चुलीवरचं कढत पाणी तांब्यात घेतलं, तेलाच्या बोळ्याने चेहरा पुसला आणि आरशासमोर उभा राहिला. पिवडी उतरली तसा उजव्या गालावरचा लाल चट्टा वर आला. सात वर्षांत तो कानापर्यंत पसरला होता. हरिहरने पाण्याचा हबका मारला. डाव्या गालाला चटका बसला. उजवा गाल नुसता वाट पाहत राहिला.