बिनकामाचं चालणं

"डबा तरी घेऊ द्या हातात," अश्विनी दारातच थांबून म्हणाली. "शेतात चालली असं वाटंल लोकाइले."

"डबा घेतला का हात हालत नाई," सासू म्हणाली. "चाल."

अश्विनीनं मास्क नाकावर ओढला आणि पायरी उतरली. साडीखाली नवे बूट होते. नवऱ्यानं, ज्ञानेश्वरनं, काल अकोल्याहून येताना खामगावात घेऊन दिलेले.

दोन वर्षांपूर्वी तिच्या सासूनं, शालूबाईंनी, आपली एक किडनी तिला दिली होती. किडनी चांगली चालत होती. पण काल अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधून तपासलं, आणि रक्तवाहिन्या ताठरल्यात म्हणून सांगितलं. वय बत्तीस, नसा पन्नाशीच्या. रक्त ढकलताना हृदयावर ताण येतो. गोळ्या चालू, मीठ कमीच, आणि रोज अर्धा तास भरभर चालायचं.

"घरचं सगळं काम करते की मी," अश्विनी म्हणाली होती.

"ते काम झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी चालायला सांगते आहे."

त्यांच्या गावात, पिंपळगाव राजात, सकाळी बाया रस्त्यानं निघतात त्या कापूस वेचायला. दोघीजणी समोरून आल्या. त्यांनी आधी बूट पाहिले, मग तोंड पाहिलं. अश्विनीची चाल मंदावली. शालूबाई पुढं चालत राहिल्या.

गावाबाहेर शालूबाईंचे चुलत दीर नारायणराव यांनी मोटारसायकल थांबवली.

"वहिनी, पायी काऊन? बसा दोघी, सोडून देतो. कुठी जाऊन राह्यल्या?"

शालूबाईंनी अश्विनीकडे पाहिलं. नारायणराव जरा वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एवढा जीव वाचवला पोरीचा, अन् आता थंडीत पायी फिरवता? लोकं काय म्हणतीन?"

शालूबाईंचा चेहरा उतरला.

"मामाजी," अश्विनी चुलत सासऱ्यांना म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी कधी वर मान करून बोलली नव्हती. "आत्याबाई," तिनं सासूकडे हात केला, "नाई फिरवून राह्यल्या. मलेच चालायचं हाय."

"कुठवर?"

"कुठंच नाई. जातो अन् वापस येतो."

नारायणरावांनी एकदा तिच्याकडे, एकदा वहिनीकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

अश्विनी निघाली ती भरभर. शालूबाई थोडा वेळ बरोबरीनं चालल्या. मग त्यांना धाप लागली. नाल्यावरच्या पुलाचा कठडा आला तशा त्या थांबल्या.

"तू जाय. मी बसतो इथी."

"एकटी?"

"तू दिसते ना मले इथून."

अश्विनी दोन-तीनदा मागं वळून बघत गेली. मग वळायची थांबली. हरभऱ्याच्या शेतांपाशी ती लहान दिसायला लागली आणि पुढं रस्त्याच्या वाकणात दिसेनाशी झाली. शालूबाई उठून उभ्या राहिल्या. एक ट्रॅक्टर त्या बाजूनं आला आणि गेला. त्याच्या धुळीत काही दिसेना.

धूळ बसली तेव्हा वाकणावर पुन्हा ती दिसली. दोन्ही हात हलवत, बायकांच्या घोळक्याला बाजूनं ओलांडून येत होती. शालूबाई पुन्हा कठड्यावर बसल्या, पाय रस्त्यावर लांब सोडले.

अश्विनी जवळ आली. कपाळावर घाम होता.

"झालं?" शालूबाईंनी विचारलं आणि सरकून तिला जागा केली.

"अजून एक चक्कर," अश्विनी म्हणाली. ती थांबली नव्हती, तिथूनच मागं फिरत होती.

शालूबाईंनी रस्त्यावरचे पाय आत घेऊन तिला वाट करून दिली.