खंड्याच्या वाटा

"विभाताई, मेलेल्या कुत्र्याची चिप नव्या पिल्लात बसवू नये," जनावरांच्या डॉक्टर म्हणाल्या. "जन्मभराच्या वाटा, ओळखीची माणसं, सगळं तिच्यात मुरतं. आपल्याला ते वाचता येत नाही, कुत्र्याला येतं."

"मुरू दे की! आजोबांचं नाव नातवाला ठेवतोच ना आपण?" विभाने हट्टाने चिप बसवून घेतली आणि पिल्लाचं नावही खंड्याच ठेवलं.

गेल्या वर्षी तिचा नवरा दिगंबर भांडून, जुन्या खंड्याला घेऊन घराबाहेर पडला होता. संध्याकाळी खंड्या एकटाच परतला आणि मरेपर्यंत पुन्हा उंबऱ्याबाहेर गेला नाही. दिगंबरने दुसरीकडे संसार थाटला असणार, असं म्हणत विभा त्याला रोज शिव्याशाप देत आली होती.

पिल्लाला पहिल्यांदाच फिरायला नेलं, तर ते साखळी ओढत सुटलं. कधी न पाहिलेल्या गल्ल्या त्याने कुठेही न हुंगता पार केल्या आणि गावाबाहेरच्या बंद दगडखाणीच्या काठावर ते थांबलं. खाली हिरवंगार, खोल पाणी साचलं होतं.

"चल रे घरी," विभा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

पिल्लू जागचं हललं नाही. पाण्याकडे बघत ते शेपूट हलवू लागलं, दारात घरचं माणूस दिसावं तसं.